भिंतीवरचे लाल वाक्य

पंख्याची घरघर चालू होती आणि तिच्याखाली ती शांतता वर्गभर पसरली होती, ओल्या गोणपाटासारखी जड. साल्वान सरांनी प्रश्न विचारून बराच वेळ झाला होता. मुले बाकांच्या कडांकडे पाहत होती. समोरच्या भिंतीवर प्रोजेक्टरने एक उतारा उमटवला होता. वादळाच्या आदल्या दिवशी हवामान खाते काढते तो इशारा. त्यातली बहुतेक वाक्ये पांढरी होती, एखाददुसरे फिकट गुलाबी. मधले एकच वाक्य गडद लाल होते, उन्हात वाळत घातलेल्या मिरचीसारखे.

"पुन्हा विचारतो," साल्वान सर म्हणाले. "इतकं लाल झालंय म्हणजे जवळजवळ सगळा वर्ग तिथं अडकलाय. कोण कोण? हात वर करा. मी काही खात नाही तुम्हाला."

कुणीही हसले नाही. मागच्या बाकावरचा तोन-तोन, ज्याच्या तोंडाला एरवी झाकण नसते, तोही टॅबच्या काळ्या काचेत स्वतःचे नाक निरखत राहिला.

"बरं. मग मिस तुसिनो, तुम्हीच सांगा. या यंत्राला नावं ठाऊक असतील ना?"

"यंत्राला आहेत, सर," ग्लोरिफे तुसिनो, मुलांच्या मॅम ग्लो, म्हणाल्या. "मला नाहीत."

"म्हणजे?"

"एक कळ आहे. ती दाबली की प्रत्येक खुणेखाली नाव येतं. मी ती दाबत नाही. पोरांना तसा शब्द दिलाय."

साल्वान सरांनी चष्मा काढला, रुमालाने पुसला, पुन्हा घातला. ते जिल्हा कार्यालयाचे पर्यवेक्षक होते, आणि दुष्ट मुळीच नव्हते; भर उन्हात बोटीने आणि पुढे तीनचाकीने हाडे खिळखिळी करून ते आमच्या शाळेपर्यंत आले होते. एका वाचनप्रकल्पाचे टॅब विभागातल्या काही शाळांना मिळाले होते. पुढल्या वर्षी ते मोजक्या शाळांकडेच राहणार होते, आणि कुणाकडे ते सरांच्या अहवालावर ठरणार होते. अहवालात वाचनात कच्च्या असलेल्या मुलांची नावे हवी होती. नावेच नसतील तर मदत कुणाला पोहोचली आणि सुधारले कोण, हे वरच्यांना कसे दाखवायचे? प्रश्न रास्त होता. रास्त प्रश्नांपुढे उभे राहणे अन्यायापुढे उभे राहण्यापेक्षा अवघड असते, हे मी त्या दिवशी मॅम ग्लोंच्या पाठीकडे पाहून शिकलो.

मी शेजारच्या वर्गावर साहित्य शिकवतो. त्या सकाळी मला बोलावले होते ते केवळ प्रोजेक्टरची सैल झालेली वायर धरून बसायला. वायर धरून मी बसलो होतो, आणि हललो तर भिंतीवरचे ते लाल वाक्य विझेल, म्हणून श्वासही जपून घेत होतो.

आमच्या बेटावर वर्गात "कळलं का?" या प्रश्नाला एकच उत्तर आहे. ते सगळे एका सुरात देतात, "होय, मॅम!" त्यात खोटेपणा नसतो. मूल "नाही" म्हणाले तर त्याचा अर्थ "मला कळले नाही" इतकाच उरत नाही. "मॅम, तुम्हाला शिकवता आले नाही" असा तो होऊन बसतो. आणि चारचौघांत थोरामोठ्यांचा चेहरा उतरवणे हे इथल्या कोणत्याही घरात शिकवलेले नसते. आमची मुले अज्ञानात राहतात ती आळसामुळे नव्हे, सौजन्यामुळे.

या सौजन्याची खोली मॅम ग्लोंना कळली ती झेरॉक्सच्या एका कागदामुळे. यंत्रातली शाई संपली होती आणि उताऱ्याची मागची बाजू कोरीच छापून आली होती. मॅमच्या ते लक्षात आले नव्हते. पुढची बाजू वाचून झाल्यावर त्यांनी नेहमीप्रमाणे विचारले, "मागच्या पानावरचं कळलं?"

"होय, मॅम!" सगळा वर्ग म्हणाला.

त्यांनी स्वतःचा कागद उलटला. मग त्या इतक्या हसल्या की शेजारच्या वर्गातून मी धावत आलो. डोळे पुसत त्या मला, मनिलात शिकून आलेल्याला, म्हणाल्या, "सर लीनो, माझा वर्ग कोरा कागदसुद्धा समजून घेतो. आहे का तुमच्या मनिलात असा एक तरी वर्ग?" मात्र दुपारी त्यांचा डबा तसाच बंद राहिला. नारळाच्या दुधात शिजवलेली अळूची पाने त्यांनी माझ्याकडे सरकवली.

दुसरी गोष्ट कानांची. आम्ही वाचन कानाने जोखतो. भाषामहिन्यात प्रत्येक शाळेत पाठांतराच्या स्पर्धा होतात. ज्याचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचतो, ज्याचा हात नेमक्या शब्दावर उठतो, तो उत्तम वाचणारा. वाक्याच्या पोटात काय आहे हे कुणी विचारत नाही, जसे घंटेला कुणी वेळ विचारत नाही.

टॅब आले तेव्हा इतर शाळांनी त्यांच्यावर चार पर्यायांच्या चाचण्या सुरू केल्या. बरोबर उत्तराला टाळ्यांचा आवाज, चुकीच्या उत्तराला रडका चेहरा. मॅम ग्लोंनी आठवडाभर ते पाहिले आणि मग नागा शहरात बसून ती प्रणाली बनवणाऱ्या तरुणाला फोन लावला. मी शेजारी होतो. "बाळा, टाळ्या काढून टाक," त्या म्हणत होत्या. "उत्तर बरोबर आलं की मला काही कळत नाही. मला पोरं जिथं हरवतात ती जागा पाहिजे. वाचता वाचता जिथं पाय घसरला तिथं बोट ठेवायचं, आणि तेवढं वाक्य भिंतीवर रंगलं पाहिजे. जितकी बोटं, तितका रंग गडद. होईल? कसं ते तू बघ, मी काय शाळामास्तरीण!" पलीकडून तो काहीतरी अडचणी सांगत होता. या बाई "हो, हो" म्हणत ऐकत होत्या आणि शेवटी म्हणाल्या, "मग शुक्रवारपर्यंत करशील ना?"

त्याने केले. डब्याएवढी एक पेटी आली, तिच्यातून लहरी निघत आणि इंटरनेट नसतानाही सगळे टॅब एकमेकांना जोडले जात. टॅब ठेवायला मॅमनी मासळीची थर्माकोलची पेटी आणली, धुऊन, उन्हात वाळवून. दमट हवेत त्याहून सुरक्षित जागा आमच्याकडे नव्हती. काही दिवस टॅबांना बांगड्यांचा वास येत होता. तोन-तोन म्हणे, "मॅम, धडा शिळा आहे का?"

पहिल्या दिवशी भिंत पांढरीशुभ्र राहिली. एकाही बोटाने एकही वाक्य कबूल केले नाही. काचेलासुद्धा मुले "होय, मॅम" म्हणत होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला वर्गात बसवून घेतले आणि भिंतीवर माझी कविता लावली. विद्यापीठाच्या अंकात छापून आलेली; लावताना मला विचारलेही नाही. "ही सर लीनोंनी लिहिलीय," त्या म्हणाल्या. "मी तीनदा वाचली. आता बघा हं." आणि सगळ्यांसमोर त्यांनी स्वतःच्या टॅबवर दुसऱ्या ओळीला बोट लावले. भिंतीवर त्या ओळीखाली कोवळा गुलाबी डाग उमटला. "मी इथं पडले. छप्पर कोसळलं का? सर रुसले का?"

मुलांनी माझ्याकडे पाहिले. मी शक्य तेवढा न रुसलेला चेहरा केला. मग कुठूनतरी दुसरा डाग आला, तिसरा आला, आणि पाहता पाहता माझी कविता वरपासून खालपर्यंत पेटली. "सर," तोन-तोन ओरडला, "ही कविता नाही, आमच्या आजीची मिरचीची भाजी आहे! घास घेतला की पाणीच मागायचं!" वर्ग बाकांवर लोळला. त्या गोंधळात मीही हळूच माझ्या पुढ्यातल्या टॅबवर पाचव्या ओळीला बोट लावले. ती ओळ मी लिहिली होती, ती सुंदर होती, आणि तिचा अर्थ मला कधीच लागला नव्हता. भिंतीने तेही मुकाट्याने घेतले. थोडे अधिक लाल, एवढेच.

त्यानंतर त्यांच्या वर्गात जे घडत गेले ते मी खिडकीतून, दारातून, पुढे पुढे सरळ आत बसून पाहिले. पांढऱ्या वाक्यांवर त्या क्षणही घालवत नसत. लाल वाक्यापाशी थांबत आणि आधी शब्द फोडत. अवघड शब्दाला बोट लावले की टॅबमधून आमच्या बेटाच्या बोलीत त्याचा अर्थ ऐकू येई, तोही मुलांच्याच आवाजात. ते आवाज त्यांनी मुलांकडूनच भरून घेतले होते. मग वाक्याचे तुकडे बोटाने वेगळे करायचे, कोण करतो, काय करतो, कधी, कोणत्या अटीवर, आणि ते पुन्हा जुळवायचे. शेवटी प्रत्येकाने तोंडापाशी टॅब धरून ते वाक्य आपल्या लोलाला, म्हणजे आजीला, सांगतो आहोत अशा भाषेत सांगायचे. ज्याला आजीला सांगता येत नाही त्याला ते कळलेले नाही, पुन्हा वाचायचे. कळले की वाक्याला दुसऱ्यांदा बोट लावायचे, म्हणजे आपल्या वाट्याचा रंग पुसला जाई.

ती ध्वनिमुद्रणे मॅम घरी चुलीपुढे ऐकत. एका कानात इयरफोन, हातात नारळाची खवणी. त्यांच्याकडे गेलो तर त्या बोटानेच गप्प बस म्हणून खुणावत आणि ऐकता ऐकता त्यांचा चेहरा उजळत किंवा झाकोळत जाई. वीसेक वर्षे शिकवलेली बाई. गावात सगळे तिला तोंडाळ म्हणतात. पण इतके ऐकून घेणारा माणूस मी पाहिलेला नाही. आम्ही कवी लोक मौनावर पाने भरतो. मौनाला अशी एक जागा करून द्यावी की त्याने बोट टेकवून "इथे दुखते" म्हणावे, हे आमच्या डोक्यात आले नव्हते.

ख्रिसमस येईतो भिंत निवळत चालली. नव्या उताऱ्यावरही पहिल्यासारखा वणवा पेटत नसे. तोन-तोन, जो पूर्वी शेवटची ओळ आधी वाचून मोकळा होई, तो आता मधल्याच एखाद्या वाक्यावर बोट ठेवून भुवया आक्रसून बसलेला दिसे.

एक खूण मात्र नेहमी उशिरा येई. तास संपला, मुले टॅब पेटीत ठेवायला रांगेने निघाली, की त्या लगबगीत भिंतीवर एक शेवटचा डाग हळूच उमटायचा. धड्यागणिक तसाच, सगळे उठल्यावर, एकटा.

"कोण आहे ते?" मी एकदा विचारले. "कळ दाबून बघा ना. मुलांना कशाला कळतंय?"

"मला कळेल ना," त्या म्हणाल्या. "मग उद्या मी तिकडंच बघायला लागेन. माझे डोळे काय माझ्या ताब्यात आहेत? आणि मी बघितलं की ते बोट गेलंच म्हणून समजा."

"पण त्या मुलाला मदत..."

"सर लीनो, ते पोर दररोज दार वाजवतंय. उशिरा का होईना, वाजवतंय. मी दार उघडं ठेवलंय. ओढून आत घ्यायला मी काय पोलीस आहे?"

आता क्लारिबेल सोलेरोविषयी. दहावीतली ही मुलगी आमच्या शाळेचा आवाज होती. पाठांतराच्या स्पर्धांतले तिचे करंडक मुख्याध्यापकांच्या खोलीत रांगेने उभे आहेत. तिचा उच्चार ऐकताना शब्द धुऊन, वाळवून, घडी घालून ठेवल्यासारखे वाटत. आणि म्हणूनच समुद्रालगतच्या तिच्या वस्तीत वादळाचा इशारा आला की सभागृहाच्या भोंग्यावरून तो वाचायला तिलाच बोलावत. खात्याची ती जडजंबाळ भाषा तिच्या तोंडून प्रार्थनेसारखी वाटे. लोक हातातले काम थांबवून ऐकत.

गेल्या नोव्हेंबरातल्या वादळाचा इशाराही तिनेच वाचला होता. वस्तीपुढे माणसापेक्षा उंच, चांगली तीन मीटरची संरक्षक भिंत आहे. इशाऱ्यात उधाण दोन मीटरचे सांगितले होते. लोकांनी मनात वजाबाकी केली आणि बरीच कुटुंबे घरातच राहिली. पाणी भिंतीवरून आले. माणसे वाचली, पण होड्या गेल्या, घरांच्या भिंती गेल्या, आणि क्लारिबेलच्या लोलोंनी, म्हणजे आजोबांनी, खोबरे वाळवायच्या शेडच्या छपराला धरून रात्र काढली. नंतर सगळे एवढेच म्हणाले की समुद्राचा काय भरवसा. तिच्याविषयी तर कौतुकच झाले. एवढ्या वाऱ्यात पोरीचा एकेक शब्द स्पष्ट ऐकू येत होता.

साल्वान सर आले त्या दिवशी त्यांच्या स्वागताला क्लारिबेलनेच एक देशभक्तिपर भाषण म्हणून दाखवले होते. सरांनी उभे राहून टाळ्या वाजवल्या. "हिला आणखी काय वाचायला शिकवणार?" ते हसून म्हणाले होते. मग मॅमनी धड्याला सुरुवात केली. वादळांचा मोसम जवळ येत होता, म्हणून त्यांनी उतारा निवडला होता तो गेल्या नोव्हेंबरचा इशारा. आणि मुलांची बोटे चालू लागल्यावर त्यातले हे एक वाक्य लाल होत गेले:

'किनारपट्टीवर दोन मीटरपर्यंत उधाण संभवते; ही उंची त्या वेळच्या अपेक्षित भरतीच्या पातळीवरील वाढ समजावी.'

"मिस तुसिनो," साल्वान सर आता थकलेल्या आवाजात म्हणत होते, "शब्द दिलात ते ठीक आहे. पण मी नावांशिवाय परत गेलो तर हे टॅब दुसऱ्या शाळेत जातील. मुलांच्याच भल्याची गोष्ट आहे. दाबा ती कळ."

मॅम हातपंख्याने वारा घेत होत्या, तो थांबला. कळ त्यांच्या टॅबच्या कोपऱ्यात होती, अंगठ्याच्या टप्प्यात. वर्गातली प्रत्येक नजर बाकांच्या कडा सोडून त्या अंगठ्यावर आली. मला वाटले, आता ही मुले या अंगठ्यावरून जगाविषयी काहीतरी कायमचे ठरवणार.

त्यांनी टॅब टेबलावर पालथा ठेवला.

"नाही दाबणार, सर," त्या म्हणाल्या. आवाज नेहमीचाच होता, फक्त त्यातले हसू काढून ठेवलेले.

त्यावर पुढच्या रांगेत बाक सरकल्याचा आवाज झाला. क्लारिबेल उभी होती.

"माझं बोट आहे त्यात," ती म्हणाली.

"तुझं?" साल्वान सर खरोखरच गोंधळले. "अगं, आत्ताच तर तू..."

"ते पाठ होतं, सर." तिचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचत नव्हता, मला वायर धरूनच पुढे वाकावे लागले आणि भिंतीवरचा उतारा लुकलुकला. "हेही मी वाचलं होतं. भोंग्यावरून. दोनदा वाचलं. सगळ्यांनी ऐकलं. मला कळलं नव्हतं ते. मी नुसतं... वाचलं. लोलोंनी मला विचारलं होतं, म्हणजे किती गं पाणी? मी म्हटलं, दोन मीटर."

तोन-तोनने काचेवरून डोळे उचलून तिच्याकडे पाहिले, आणि पहिल्यांदाच त्याच्याकडे चेष्टा नव्हती.

मॅम ग्लो तिच्याकडे धावल्या नाहीत. डोक्यावरून हात फिरवला नाही, शाबासकी दिली नाही. आपला टॅब हातात घेऊन त्या भिंतीपाशी गेल्या आणि म्हणाल्या, "चल. आता विचारतायत असं समज. लोलो समोर बसलेत. किती पाणी?"

"दोन मीटर..." क्लारिबेल म्हणाली आणि थांबली. तिने टॅब उचलला. वाक्याचा दुसरा तुकडा बोटाने वेगळा केला. "'पातळीवरील वाढ.' वाढ. म्हणजे आधी काहीतरी आहे." पुन्हा थांबली. ओठ हलत होते, पण आवाज नव्हता. आयुष्यात प्रथमच ती अडखळत वाचत होती, चाचपडत, एकेका शब्दावर पाय रोवून, अंधारात पायऱ्या उतरणाऱ्या माणसासारखी. तिचे ते सगळे गाजलेले वाचन मी ऐकले होते. यासारखे काही ऐकले नव्हते. "आधी भरती आहे. भरतीचं पाणी आपल्या भिंतीला कुठवर येतं?"

"काठाखाली हातभर," तोन-तोन म्हणाला. "आम्ही वर बसून पाय धुतो की."

"तिथून," ती म्हणाली. "तिथून दोन मीटर. जमिनीपासून नाही, लोलो. जिथं आपण पाय धुतो ना, तिथून वर." तिने भिंतीकडे नव्हे, थेट मॅमकडे पाहिले. "म्हणजे संरक्षक भिंत धरायचीच नाही. ती नाहीच असं समजायचं. निघायचं."

"लाव बोट," मॅम हळूच म्हणाल्या.

तिने बोट लावले. गडद लालातून रंगाचा एक पापुद्रा सुटला. मग कुणाच्यातरी आवाजात कुजबुज सुरू झाली, बेटाच्या बोलीत, आजीला सांगतात तशी. मग दुसऱ्या कोपऱ्यात. मुले टॅब तोंडापाशी धरून सांगत होती, अडत होती, शेजाऱ्याला कोपराने ढोसून "अरे गाढवा, भरतीवर, भरतीच्या *वर*" म्हणत होती. आणि भिंतीवरचे ते वाक्य डोळ्यांदेखत फिकट होत गेले. साल्वान सर दोन्ही हात मागे बांधून, मान किंचित वर करून ते पाहत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर पहाट पाहणाऱ्या माणसाचे ते भाबडे भाव होते जे कुठलाही अधिकारी सहसा कुणाला दिसू देत नाही.

शेवटी एक गुलाबी छटा उरली. ती जाईना.

"कुणीतरी अजून आत आहे," मॅम ग्लो म्हणाल्या. त्या कुणाकडेही पाहत नव्हत्या, भिंतीकडे पाहत होत्या. "घाई नाही. परत वाचू. मी जरा सरांशी बोलून येते, तोवर शब्द ऐका."

त्या साल्वान सरांसोबत व्हरांड्यात गेल्या. मी वायर तोन-तोनच्या हाती दिली आणि दारात उभा राहिलो. मैदानात वाळत घातलेल्या अबाका केळीच्या धाग्यांवर ऊन केसांसारखे चमकत होते.

"मी बरंच काही पाहिलंय," सर म्हणाले. "इतक्या वर्षांत. असं नाही पाहिलं. खोटं नाही सांगत."

"थँक्यू, सर."

"पण मी पाहिलं, एवढं लिहून भागत नाही. वरची माणसं इथं येऊन भिंत बघणार नाहीत. त्यांना रकाने भरलेले लागतात. आणि तसंही त्या मुलीनं आपल्या तोंडानं सांगितलं, काही बिघडलं का? उलट मोकळी झाली. मग उरलेल्यांचं काय एवढं?" त्यांनी आवाज खाली आणला; त्यात आर्जव होते. "मला हे टॅब इथंच ठेवायचे आहेत, मिस तुसिनो. मला मदत करा. संध्याकाळच्या बोटीआधी एक यादी, बस. पोरांना कळणारही नाही. देताय ना नावं?"

मॅम ग्लोंनी त्यांच्याकडे पाहिले. त्या नजरेत राग नव्हता. मला वाटते, थोडी कृतज्ञताही होती, आणि या माणसाला आपण अडचणीत टाकतो आहोत याचे खरेखुरे वाईट वाटणे. थोरामोठ्यांचा चेहरा उतरवायचा नाही, हे त्याही याच बेटावर शिकल्या होत्या. त्यांचे ओठ उघडले. आत वर्गात कुणीतरी तेच वाक्य पुन्हा पहिल्यापासून, फार सावकाश, वाचायला घेतले होते.

त्यांनी माफी मागितल्यासारखी मान किंचित झुकवली, वळल्या, माझ्या बाजूने दारातून आत गेल्या आणि टॅब टेबलावर पालथा ठेवून भिंतीवरच्या उरलेल्या गुलाबी छटेपाशी जाऊन उभ्या राहिल्या.